लुक्का : सुट्टीत सहकुटुंब गेला असाल तर लिहा ना

इटलीत पिसा आणि फ्लॉरेन्स करून लोक परत येतात आणि मधलं लुक्का राहूनच जातं, फार वाईट वाटतं. मुलं, आईबाबा असं सगळ्यांना घेऊन गेला असाल तर इथे सांगा. सुरुवात मी करते. आम्ही जूनमध्ये पिसाहून ट्रेनने गेलो, अर्धा तास लागतो. गावाभोवती सोळाव्या-सतराव्या शतकातली अखंड तटबंदी आहे, सव्वाचार किलोमीटरची, आणि वर एवढी रुंद की झाडांच्या सावलीतून लोक सायकली चालवतात. सासरे सह्याद्रीतले गड फिरलेले, ते प्रत्येक बुरुजावर थांबून तोफा कुठे रोखल्या असतील ते नातवंडांना दाखवत होते. या तटाला वेढा कधी पडलाच नाही, पण १८१२ च्या पुरात दरवाजे बंद करून त्यानेच गाव वाचवलं हे कळल्यावर मुलं एकदम खूश!

प्रतिसाद १ : आम्ही म्युनिकहून गाडीने गेलो होतो. गाडी तटाबाहेरच लावा हो, आत बऱ्याच भागात परवान्याशिवाय जाता येत नाही आणि कॅमेरे असतात. ग्विनीजी टॉवर सकाळीच चढा, दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण माथ्यावर चक्क ओकची झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीत उभं राहून अख्खं गाव दिसतं. लेकाने वरूनच अँफिथिएटरचा चौक ओळखला. रोमन रिंगणाच्या जागेवरच घरं बांधत गेले म्हणून तो अजून लंबगोल आहे.

प्रतिसाद २ : मला सान मार्तिनो कॅथेड्रलमधल्या इलारियाबद्दल लिहायचंय. लुक्काचा तेव्हाचा सत्ताधीश पाओलो ग्विनीजी, त्याची ही बायको १४०५ मध्ये बाळंतपणानंतर गेली, शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चाने तिची संगमरवरी समाधी घडवली, पायाशी तिचा कुत्रा. आई तिथून हलेचना, माझी आजी पण बाळंतपणातच गेली होती आणि त्याबद्दल आई पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. तिकीट काढून आत जा, नक्की जा.

प्रतिसाद ३ : शाकाहारी मंडळींनी काळजी करू नका. चेचीना मागा, बेसन, पाणी, तेल, मीठ एवढंच, भट्टीत भाजतात, वर मिरपूड, आपल्या धिरड्याचीच जाडसर बहीण. बाबा रोज तेच मागायचे. दुपारी मात्र बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा मुलांचं खाणं आधीच घेऊन ठेवा.

प्रतिसाद ४ : पिसाहून अर्ध्या दिवसात उरकू नका, राहाच. ऑपेरांचा संगीतकार पुच्चीनी इथलाच, १८५८ चा जन्म, संध्याकाळी सान जोव्हान्नी चर्चमध्ये त्याच्या गाण्यांची मैफल असते. मुली कंटाळतील वाटलं होतं तर धाकटी दुसऱ्या दिवशी पण चला म्हणाली, मग आधी त्याच चर्चखालचे रोमन काळातले अवशेष बघितले आणि संध्याकाळी परत तिकिटं काढली. राहायला तटाच्या आतच खोली घ्या, रात्री पण पायी फिरता येतं.