मदत हवी आहे : रंकाळ्यात सोडायला निघालेलं कासव घरी आणलंय, जुन्या हौदात ठेवता येईल का?

परसदार

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण कासवाबद्दल आमच्या घरात कुणालाच काही ठाऊक नाही.

शेजारच्यांकडे भाड्यानं राहणारा कॉलेजचा मुलगा परीक्षा झाल्यावर खोली रिकामी करून गेला आणि कासव तिथंच ठेवून गेला. घरमालक काका ते पिशवीत घालून रंकाळ्यात सोडायला निघाले होते, मी म्हटलं द्या इकडं. आता ते आमच्याकडं मंगळवार पेठेत, न्हाणीतल्या धुण्याच्या टबात आहे. सासूबाईंच्या मते घरात लक्ष्मी आली, नवऱ्याच्या मते वास आला.

पाठ वीतभर लांब आहे, सोळा सेंटीमीटरच्या आसपास. हिरवट काळी, मानेवर पिवळे पट्टे आणि डोळ्यामागं लाल पट्टा. आधी ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात होतं त्यात त्याला धड वळताही येत नव्हतं, वर शोभेचं प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. खाणं म्हणजे दुकानातल्या डबीतल्या काड्या, एवढंच. दोन्ही डोळे सुजलेत, त्यातला एक उघडतच नाही. पाठीची मागची कड बोटानं दाबली तर किंचित दबते. हे असंच असतं का?

आमचं घर जुनं आहे. पुढं सोपा, वर माडी, मागं परड्यात सिमेंटचा हौद आहे, पाच बाय तीन फुटांचा आणि अडीच फूट खोल. बरीच वर्षं कोरडा पडलाय. सकाळी दहा-अकरापर्यंत तिथं चांगलं ऊन येतं, मग शेजारच्या भिंतीची सावली. तो हौद वापरता येईल का, की काचेची टाकीच घ्यायला लागेल? काचेची घेतली तर माडीवर ठेवू शकतो, तिथं खिडकीतून ऊन येतं. दिवा लागतो म्हणतात, तो कसला? खायला काय घालू? आणि कोल्हापुरात कासव बघणारा डॉक्टर आहे का? वळीव सुरू झालाय, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात काय ते ठरवायला हवं.

नाद_एकच

ताई एवढा व्याप कशाला? कोटितीर्थात सोडा की. तळं हाय, शेवाळ हाय, ते पण खूश तुम्ही पण खूश.

खात्याशी_संबंध_नाही

भावा, नको. फोटो नसला तरी लाल पट्ट्यावरून ओळख पटते, हे रेड इयर्ड स्लायडर आहे. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत याचं नाव आहे आणि युरोपीय संघानं १९९७ मध्येच याची आयात बंद केली. रंकाळा काय, कोटितीर्थ काय, पंचगंगा काय, कुठंही सोडलं तर आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं, रोगही पसरवतं. दुकानात रुपयाएवढं असताना विकतात, ताटलीएवढं झालं की लोक तळ्याकाठी जातात.

ताई, एक सांगून ठेवतो. हे परदेशी आहे म्हणून घरी ठेवायचा विचार तरी करता येतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव असतं, किंवा आपल्याकडं विहिरीत, ओढ्याला सापडतं ते मऊ पाठीचं, तर घरात ठेवणंच गुन्हा होता. दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. तसलं कुणाला सापडलं तर वनविभागाचा १९२६ नंबर फिरवायचा. टाकी, दिवा, फोटोसेशन काही करत बसायचं नाही.

गुरांचा_डॉक्टर

मी व्हेटर्नरी आहे, पण माझा दिवस गाई-म्हशींत जातो. कासवं फार थोडी पाहिलीत, तेवढ्या बेतानंच घ्या.

पाठीची कड दबणं हे बरोबर नाही. एवढ्या मोठ्या स्लायडरची पाठ टणक हवी. कॅल्शियम कमी आणि ऊन नाही, या दोन्हीतून हाडं आणि कवच मऊ पडतं. डोळे सुजणं हे बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं आणि घाण पाण्यानं होतं. डोळे मिटलेले असले की त्याला खाणं दिसत नाही, म्हणून ते खात नाही आणि आणखी खंगतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय का, नाकातून बुडबुडे येतात का, पोहताना एका अंगावर कलतंय का, हे बघा. यातलं काही दिसलं तर फुप्फुसाचा संसर्ग समजायचा आणि त्याच दिवशी निघायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं गोचीड, जंत म्हटलं की हात आपोआप आयव्हरमेक्टिनकडं जातो. कासवाला ते चालत नाही, जीव जातो. कुणी सहज म्हणून टोचतो म्हणालं तर नको म्हणून सांगा. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनसुद्धा अंदाजानं घ्यायचं नाही, जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते. एक्स-रे इथं कुठल्याही बऱ्या दवाखान्यात होईल, पण तो वाचायला सरपटणारे प्राणी बघणारा माणूस लागतो. मी असतो तर एक्स-रे इथं काढून पुण्याच्या डॉक्टरांना दाखवला असता. नेताना पाण्यात घालून नेऊ नका. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाला ओला टॉवेल, बास.

घरात लहान मूल आहे का? या कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे ती याचमुळं, कारण पोरं ती तोंडात घालायची. पाच वर्षांखालच्यांनी हात लावायचा नाही, बाकीच्यांनी साबणानं हात धुवायचे. आणि टब, फिल्टर काहीही स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायचं नाही.

शाहूपुरी_अक्वेरियम

हौद वापरा ताई, मी तर म्हणेन नशीब काढलंय कासवानं. दुकानदार असून सांगतोय, आधी काच घेऊ नका.

हिशेब असा. कवचाच्या दर सेंटीमीटरला पंधरा लिटर पाणी धरतात, म्हणजे आत्ताच २४० लिटर झालं. पुढच्या पायांची नखं आखूड आणि शेपूट बारीक असेल तर मादी आहे, ती २५ सेंटीमीटरच्या वर जाते. नराची नखं लांब असतात. चार बाय दोन फुटांच्या टाकीत सव्वा फूट पाणी भरलं तरी २८० किलो वजन झालं, वर काच आणि स्टँड वेगळं. ते माडीच्या लाकडी तुळयांवर? विसरा. तुमच्या हौदात दीड फूट पाणी भरलं तर ६४० लिटर होतंय, आणि खाली जमीन आहे.

जुनं सिमेंट असल्यानं चुना निघून गेला असेल. तरी घासून धुवा आणि पाणी भरून, सोडून असं दोन-तीन वेळा करा. पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं बसता येईल अशी फळी किंवा लादी हवी, चढायला खडबडीत उतार करून. हे नसेल तर बाकी सगळं फुकट आहे. फिल्टर माशांच्या हिशेबानं घेऊ नका. कासव दसपट घाण करतं, म्हणून टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. खायला वेगळ्या घमेल्यात घातलं तर निम्मी घाण तिथंच राहते. आठवड्याला पाव ते निम्मं पाणी बदला, काढलेलं पाणी जास्वंदीला घाला, झाड बघत राहाल. आणि काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी आलं म्हणून हुरळू नका, क्लोरीन त्यातही असतोच. बॅरलमध्ये उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायचं.

पुणेकरीण

माझ्याकडे दोन आहेत, अशीच कुणाकुणाची टाकलेली.

खिडकीतल्या उन्हाचं मनातून काढा. उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून येत नाहीत आणि कवचाला नेमके तेच लागतात. उघड्यावरचं सकाळचं ऊन सगळ्यात भारी. पण तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन कुठंय? तेवढ्यासाठी दोन वेगळे दिवे लागतील. एक उबेचा, त्याला साधा हॅलोजन चालतो, बसायच्या फळीवर ३० ते ३५ अंश मिळाले पाहिजेत. दुसरी यूव्हीबीची नळी. ती सहा ते बारा महिन्यांत बदलायची, दिसायला उजेड पडत असला तरी किरण संपलेले असतात. "यूव्ही" म्हणून पाणी निर्जंतुक करायचा दिवा गळ्यात मारतात, तो नव्हे, त्यानं डोळे जातील. दोन्ही साखळीनं पक्के टांगा आणि त्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, पाणी आणि वीज शेजारी आहेत.

आजारी आहे तोवर पाणी २७-२८ अंश ठेवा. हीटरला जाळीचं कव्हर हवं, नाहीतर कासव तो फोडतं.

खाणं: काड्या बंद नकोत, पण नुसत्या काड्या नकोत. सुक्या झिंग्यांच्या डबीला खाणं समजू नका, तो चिवडा आहे. गांडूळ, छोटा अख्खा मासा हाडांसकट (गोल्डफिश नाही), आणि रोज पाला. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा, गाजर. पालक आणि अळू नको, कॅल्शियम अडवतात. भात, ब्रेड, दूध तर नाहीच. समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, कुरतडत राहील. पंचगंगेतली जलपर्णी आवडीनं खाईल, पण ते पाणी बघता आणू नका.

मादी निघाली तर नर नसतानाही अंडी धरते. उकरायला ओल्या वाळूची जागा नसेल तर ती आतच अडकतात. परड्यात एक कोपरा द्या.

परसदार

सगळ्यांचे आभार. नखं आखूडच आहेत, म्हणजे बाईसाहेब. धाकटी तीन वर्षांची आहे, तेव्हा न्हाणीतला टब आजच सोप्याच्या कोपऱ्यात हलवला आणि वर पाट ठेवला. बुडबुडे, कलणं वगैरे काही दिसत नाही. उद्या एक्स-रे. काचेची टाकी रद्द, सासरे आत्ताच हौद घासायला बसलेत.

दोन शंका राहिल्या. आमच्याकडं घारी आणि मांजरं भरपूर, आणि जुलैत परड्यात पाणी तुंबतं, हौद भरून वाहिला तर? शिवाय आजारी असताना लगेच बाहेर ठेवायचं का?

गुरांचा_डॉक्टर

लगेच नाही. डोळे उघडून खायला लागेपर्यंत आत, टबात, स्वच्छ कोमट पाण्यात. पाण्याची खोली कवच बुडेल एवढीच, बसायला वीट. सकाळी ऊन दाखवायला परड्यात न्या, पण टबाचा अर्धा भाग सावलीत असू द्या आणि शेजारी कुणीतरी बसा. टबातलं पाणी मे महिन्यात बघता बघता तापतं.

शाहूपुरी_अक्वेरियम

हौदाला वरून सहा इंचांवर भोक पाडून दीड इंची पाइप घाला, तोंडाला स्टीलची जाळी, म्हणजे जादा पाणी निघून जाईल आणि बाईसाहेब राहतील. वर लोखंडी अँगलची चौकट करून वेल्डमेश (वेल्डिंगची तारेची जाळी), बिजागरी आणि कडी. कासव चांगलं चढतं, कडीशिवाय ठेवू नका. अर्ध्या भागावर पत्रा टाका, दिवे त्याखाली टांगता येतील. प्लॅस्टिकचं झाकण लावलंत तर ऊन अडेल, मेशच पाहिजे. माप घेऊन फॅब्रिकेशनवाल्याला आत्ताच सांगा, पाऊस लागला की हे लोक पत्र्याच्या शेडांत अडकतात आणि गणपतीपर्यंत फिरकत नाहीत.