कोवळं मूत्रपिंड अडथळा जास्त सोसतं का?

माडवाला: यंदाच्या पावसाळ्यात घरात दोन अडथळे. वडील ७४ वर्षांचे. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्यामुळे लघवी तुंबली, रातोरात नळी घालावी लागली, आता ऑपरेशन. चार महिन्यांच्या पुतण्याच्या डाव्या मूत्रपिंडाला पोटात असल्यापासून सूज, त्याला मात्र ‘तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी’. वहिनी घाबरली आहे, पण मला पटतं. कोवळी झावळी वाकते, वाळलेलं चुडत मोडतं.

खाडीकाठची: मला नाही पटत. नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्या, गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर नवी एकही नाही. त्याआधीच वाट जोरात तुंबली तर मूत्रपिंड नीट घडतच नाही. वडिलांचं घर बांधून झालंय, बाळाचं पोटात असताना जोत्यावरच होतं. मुलग्याच्या मूत्रमार्गात जन्मतः लघवी अडवणारा पडदा असेल तर कोणी तीन महिने थांबत नाही.

देवगडकर: पडद्याचं मान्य. पण सूज म्हणजे अडथळाच असं नाही हो! बाळांची सौम्य सूज बऱ्याचदा आपोआप ओसरते. सूज वाढत गेली किंवा दोन्ही मूत्रपिंडांच्या एकूण कामातला त्या बाजूचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली आला, की ऑपरेशनचा विचार. ते डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढायच्या स्कॅनमध्ये, कळतं. आम्हाला त्यासाठी घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलं, तो खर्च वेगळाच.

आजोबांचा_नातू: चुडताचं मात्र खरं. आजोबांनी वर्षानुवर्षं जोर लावून लघवी केली. मूत्राशयाचा स्नायू आधी जाड झाला, मग त्यात चिवट तंतू भरले. ऑपरेशनने वाट मोकळी झाली, पण ढकलणारं कोण? आजी न्हाणीच्या दाराशी उभी राहून बादलीतली धार कानाने मोजायची. थेंब थेंब. वडिलांचं लांबवू नका.

मालवणी_मसालो: कुळथाचो काढो दिलास काय?

खाडीकाठची: प्रोस्टेटवर कुळीथ? पिठी करून भाताबरोबर जेवा. @देवगडकर, थांबायला माझी ना नाही, बेफिकीर थांबण्याला आहे. बाळाला ताप आला तर तीन महिन्यांची तारीख विसरा, त्याच दिवशी लघवी तपासा. आणि लंगोट ओला आहे एवढ्यावर जाऊ नका, धार कशी पडते ते बघा.

माडवाला: वहिनीला विचारलं. म्हणते, परवा थेट कॅलेंडरपर्यंत गेली.