इंग्रजीसाठी एक दाबा (आणि आपला तिळपापड)

नाचणीभाकरी:
ह्यूस्टनकर काल लिहून गेले: "दुकानात प्रत्येक पाटीवर इंग्रजीखाली स्पॅनिश. फोन लावला की 'इंग्रजीसाठी एक दाबा'. आपण शिकून आलो ना इंग्रजी? यांना काय धाड भरलीय?" प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

अहो, तुमच्यापासून तीन तासांवर सॅन अँटोनियो आहे. ते नाव काय लंडनहून आलं? १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोतच होतं.

आणि 'आपण शिकून आलो' म्हणजे आईवडिलांनी फिया भरल्या म्हणून. आई माझ्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. नर्सने टॅब्लेट पुढे केला, त्यातून कोणीतरी दुभाषी बाई मराठीत म्हणाली, "आजी, नेमकं कुठे दुखतंय?" आईला रडूच फुटलं. ती सोय चालते, पण स्पॅनिशची पाटी खुपते?

ह्यूस्टनकर:
१८३६ पुरे. परवा ग्वातेमालाहून आलेला माणूस तेव्हाचा वंशज आहे का? आणि दवाखाना वेगळा, दुकान वेगळं. माझ्या मुलीला औषधांच्या दुकानात सुट्टीतलं काम नाकारलं, कारण स्पॅनिश येत नाही. जन्म इथला तिचा!

खडूस_काकू:
मग शाळेत स्पॅनिश घ्यायला लावायचं होतं. आमचा चिरंजीव फाडफाड बोलतो. आजीशी मात्र मराठीत 'हो' आणि 'भूक नाही', बस्स.

ह्यूस्टनकर:
आणि तुम्ही रविवारची मराठी शाळा चालवता ना काकू?

खडूस_काकू:
चालवते! तुमच्यासारखे पालक मुलांना गाडीतून उतरवून कॉफी प्यायला पळतात, आणि घरी इंग्रजी. सहा वर्षं 'कमळ' गिरवून घेतेय.

फिरस्ता:
गणपतीला निवेदन इंग्रजीत कोण करतं हेही सांगा की.

खडूस_काकू:
तरुण मुलं करतात. तुम्ही या, माइक देते. खुर्च्या उचलायलाही या.

ठाणे_वेस्ट:
मूळ मुद्दा राहिला. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिने दिले, तेव्हा हेच ह्यूस्टनकर गरजले होते, 'राहायचं तिथली भाषा'!

ह्यूस्टनकर:
आजही तेच म्हणतोय. यात विसंगती कुठे?

नाचणीभाकरी:
बरं, सुसंगत आहात, हार घालू? पण 'तिथली' कोणती हे कोण ठरवणार? महाराष्ट्रात राजभाषेचा कायदा आहे. अमेरिकेत देशपातळीवर मार्च २०२५ पर्यंत काहीच नव्हतं, आणि आता आहे तो राष्ट्राध्यक्षांचा आदेश, संसदेचा कायदा नव्हे. फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) १९८० ला 'फक्त इंग्रजी'चा नियम केला, १९९३ ला गुंडाळला. तेवढ्यात मायामीत स्पॅनिश आटली का?

ह्यूस्टनकर:
नाही आटली, तीच तर तक्रार आहे माझी! असो. काल गळती काढायला आलेला प्लंबर 'आगुआ, आगुआ' (स्पॅनिशमध्ये पाणी) करत होता, आणि मला कळलं. कळलं म्हणजे पटलं असं नव्हे.

फिरस्ता:
बिल इंग्रजीत होतं का?

ह्यूस्टनकर:
आकड्यात. ते नीट कळलं. काकू, शाळा किती वाजता असते? नातवासाठी विचारतोय, उगाच दात काढू नका.

खडूस_काकू:
दहाला. डबा द्या सोबत. आणि कॉफीला पळायचं नाही.