पोस्टकार्डावरचा डाव : एक कच्चा, एक पक्का

पत्रानं बुद्धिबळ खेळलेली माणसं कोकणात पुष्कळ असतील. दोघांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक असलेला डाव खेळला असाल तर जरूर लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

देवगड
१९८८, मी नववीत. समोर रत्नागिरीचे आजोबा, बाबांचे मामा, स्पर्धांत मुरलेले. १५ पैशांचं कार्ड आणि त्यावर चार आकडे, बस. पटाच्या उभ्या-आडव्या ओळींना १ ते ८ क्रमांक द्यायचे; पहिले दोन आकडे सोंगटी निघाली ते घर, पुढचे दोन पोचली ते, आधी उभी ओळ, मग आडवी. राजापुढचं प्यादं दोन घरं गेलं की ५२५४. त्यांचा वजीर ४१८५ करून माझ्या बाजूला आला. त्याला हुसकावतो म्हणून मी ७८६६ लिहून घोडा काढला आणि पेटीत कार्ड टाकताना हात थरथरत होता. सहाव्या दिवशी उत्तर आलं : ८५६७. पट मांडला. मात! माझ्या तिसऱ्याच कार्डावर डाव संपला होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "उंटापुढच्या त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचा आधार नव्हता, बघ. आता पांढरी तुझी." पुढचा डाव आठ महिने चालला. हरलोच, पण त्यांनी एकही चाल हलक्यानं खेळली नाही, याचं मला आजही फार वाटतं.

गुहागर
आमच्याकडे उलटं. भाऊजी मुंबईला, त्यांना वाटायचं वहिनीला काय येणार! मला वडिलांनी शिकवलं होतं. पट डब्यांच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही असा. श्रावणात कार्ड भिजून आलं, ५१७१ की ५१६१ कळेना. पहिलं म्हणजे किल्लेकोट, राजा दोन घरं सरकून हत्तीच्या आड; दुसरं म्हणजे राजा नुसता एक घर सरकला, आणि मग माझा हत्ती थेट आत. सोयीचं वाचायला मन होईना. उलटटपाली विचारलं. किल्लेकोटच होता. मला जिंकायला आणखी चौदा चाली लागल्या. दिवाळीला आले ते नवा पट घेऊनच.

वेंगुर्ले
देवगडकर, मी तुमच्या आजोबांच्या जागी होतो. भाच्याशी खेळताना आधी "जर तू घेतलंस, तर मी अमुक" असं लिहायचो, दोन कार्डांचा खर्च वाचायचा. पण माझा 'जर' वाचून त्याला आयती चाल मिळायची, विचार करायचं कारणच उरत नसे. सोडून दिलं. पुढच्या पावसाळ्यात एकविसाव्या चालीला त्याच्याच कार्डावर 'जर' आला. त्यात माझा हत्ती जात होता.