खजिनदार साठीच्या आतलाच हवा?

सातपूरकर
इंदिरानगरात आमच्या सोसायटीच्या सभेत परवा सूचना आली: यापुढे खजिनदार साठीच्या आतलाच नेमायचा. कारण काय, तर 'साठी बुद्धी नाठी'! आत्ताचे खजिनदार अडुसष्टचे, एमआयडीसीतल्या कारखान्यात अकाउंट्स सांभाळून निवृत्त झालेले. लिफ्टच्या दुरुस्तीच्या कोटेशनमध्ये जीएसटी दोनदा लावलाय, हे त्यांनी उभ्या उभ्या पकडलं. आम्ही तेव्हा मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर शोधत होतो. माझ्या मते सूचना बावळटपणाची आहे.

पाथर्डी_फाटा
काका, ही सूचना मीही मांडली असती. विचारांचा वेग विशी-तिशीपासूनच उतरायला लागतो. चाळिशीनंतर मेंदूचं आकारमान दर दहा वर्षांत साधारण ५ टक्क्यांनी घटतं. बेरीज-वजाबाकी जमेल हो, पण ओटीपी, नवीन ॲप, फोनवर 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा, हे सगळं एकदम अंगावर आलं की गोंधळ होतो. आणि पैसा ऐंशी घरांचा आहे.

गोदाकाठची
आकारमान म्हणजे अक्कल नव्हे. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग पाडले: नवं कोडं झटपट सोडवायची बुद्धी आणि आयुष्यभर साठलेली समज. पहिली लवकर उतरते. दुसरी साठीतही टिकून असते, शब्दसंग्रह तर बऱ्याच जणांचा तोवर वाढतच असतो.

दुसरं म्हणजे, पंचविशीचा आणि सत्तरीचा माणूस शेजारी बसवून परीक्षा घेतली की म्हातारा हमखास मागे दिसतो. पण दोघांची शाळाच वेगळी, काळच वेगळा! वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये अमेरिकेत सिएटलला अभ्यास सुरू केला आणि त्याच त्याच माणसांना दर सात वर्षांनी तपासलं. तेव्हा बहुतेक क्षमतांची ठळक घसरण साठीच्या आसपास किंवा त्यानंतर दिसली. वेग मात्र आधीच कमी होतो, ते मान्य. पण माणसामाणसांत फरक इतका, की जन्मतारखेवरून काही ठरवणं म्हणजे आळशीपणा.

निफाडचा_बागाईतदार
आमचे आप्पा चौऱ्याहत्तरचे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला काडी बोटांत फिरवतात आणि कितव्या डोळ्यावर, म्हणजे कोंबावर, कापायची ते सांगतात. नवीन औषधाचं नाव मात्र संध्याकाळपर्यंत टिकत नाही. फवारणीची वही म्हणून माझ्याकडे.

पाथर्डी_फाटा
म्हणजे वही तुमच्याकडेच आली की! खजिनदाराचं काम वहीचंच असतं, दादा.

सातपूरकर
वही दुसऱ्याने लिहावी, सही त्यांची असू दे. चेकवर तशाही दोन सह्या लागतात. वयाची अट कशाला?

गोदाकाठची
एक विचारते. त्यांना सभेत नीट ऐकू येतं का? ऐकू न आलेलं माणूस 'विसरला' असं घरचे धरून चालतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात कमी ऐकू येणंही आहे.

सातपूरकर
डाव्या कानाने कमी येतं. यंत्र आहे, कपाटात.

पाथर्डी_फाटा
मग ते आधी कानात घालायला सांगा. सूचनेवर मी अजून ठाम आहे. साठ नको तर सत्तर करा, पण कुठेतरी रेघ हवीच.