स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेत आग आणि कळा

रंकाळाकाठ: आईच्या स्तनाचं आणि काखेतल्या गाठींचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. दंडाच्या आतून आग होते, ब्लाऊजची बाही लागली तरी कळ येते. पॅरासिटामॉलने फरक नाही. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू आहे. काय करावं?

फिजिओताई: काखेतून दंडाच्या आतल्या कातडीकडे जाणारी नस गाठी काढताना ताणली किंवा कापली जाते. दुखणं नसेचं, म्हणून साध्या गोळीला दाद देत नाही. त्या जागेला स्पर्शाची सवय लावा: आधी कापूस, मग जुनं सुती लुगडं, शेवटी टॉवेल. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कळ वाढली की मागच्या कापडावर या. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या. जपून धरलेल्या हाताचा खांदा आखडतो.

भूलतज्ज्ञ: गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध बहुधा रात्री ३०० मिग्रॅपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी. गुंगी येते, आणि एकदम बंद करायचं नाही. डुलोक्सेटिन (नैराश्यावरचं, पण नसेच्या दुखण्यालाही देतात ते औषध) कुणी लिहून दिलं तर टॅमॉक्सिफेनचं आवर्जून सांगा, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो. त्याच जातीचं वेनलाफॅक्सिन त्या मानाने बरं. ५ टक्के लिडोकेनची (जागा बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टी १२ तास लावून १२ तास काढायची, जखम नसलेल्या कातडीवरच.

रंकाळाकाठ: मिरचीचं मलम म्हणतात ते?

भूलतज्ज्ञ: कॅप्सेसिन. हातमोजे घालून लावा. सुरुवातीला चटणी लागल्यासारखी आग होतेच. रोज नेमाने काही आठवडे लावलं तरच गुण येतो. नवी गाठ, हाताला सूज, लाली किंवा ताप असेल तर मात्र आधी सर्जनना दाखवा.