मदत हवी आहे: आमवातात मांडीचे स्नायू रोडावले आहेत, अल्ट्रासाउंडचा उपयोग होईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. माझ्या चौसष्ट वर्षांच्या आईला बरीच वर्षे आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. मेथोट्रेक्सेट (आमवातावरील नेहमीचे औषध) चालू असून, मध्यंतरी गुडघे फार सुजल्यामुळे काही काळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही द्यावे लागले. सूज आता उतरली आहे, परंतु मांड्या रोडावल्या आहेत आणि हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला खुर्चीवरून उठता येत नाही.

डॉक्टरांनी समजावले, ते असे: हालचाल कमी झाल्याने स्नायू झिजतातच, पण शरीरातील दाहामुळे वाढणारी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ ही द्रव्येही स्नायूंतील प्रथिने मोडण्यास चालना देतात, आणि स्टेरॉइड त्यात भर घालते.

बेळगावच्या फिजिओथेरपिस्टनी व्यायामाबरोबर मांडीवर अल्ट्रासाउंड (तपासणीची सोनोग्राफी नव्हे, तर ध्वनिलहरींचा उपचार) सुचवला आहे. माझी शंका नेमकी इथे आहे. स्नायूंची झीज रोखण्यासंबंधी जे आशादायक प्रयोग वाचनात आले, ते मुख्यतः पेशींवर आणि उंदरांवर झालेले असून, त्यांत बहुधा अगदी कमी तीव्रतेचा, तुटक लहरींचा अल्ट्रासाउंड वापरतात. अमेरिकेत १९९४ मध्ये हाड जुळण्यासाठी मान्यता मिळालेले उपकरण याच जातीचे: १.५ मेगाहर्ट्झ, प्रति चौरस सेंटिमीटर सरासरी ३० मिलिवॅट, रोज २० मिनिटे, एकाच जागी ठेवून. क्लिनिकमधील यंत्र मात्र १ किंवा ३ मेगाहर्ट्झचे असते, त्याची तीव्रता प्रति चौरस सेंटिमीटर २ वॅटपर्यंत जाते आणि त्याचे डोके सतत फिरवत ठेवावे लागते. त्यावर ०.१५ वॅट आणि २० टक्के पल्स (म्हणजे वेळेच्या २० टक्केच लहरी चालू) ठेवल्यास सरासरी तीच ३० मिलिवॅट येते. पण त्यात लहरी तुटण्याचा वेग बहुधा हाडाच्या उपकरणाप्रमाणे सेकंदाला हजार वेळा नसून शंभर वेळा असतो. एवढ्यावरून परिणामही तोच मिळेल असे मानणे मला धाडसाचे वाटते.

येथे कोणी फिजिओथेरपिस्ट किंवा संधिवाततज्ज्ञ असल्यास कृपया सांगावे: केवळ स्नायू टिकवण्यासाठी माणसांवर याचा उपयोग होताना आपण पाहिला आहे का? सांधा पुन्हा सुजला, तर हा उपचार थांबवावा का? आमच्या भागातील पावसाळ्यात आईला वारंवार बेळगावला नेणे कठीण जाते (रस्त्यांबद्दल न बोललेले बरे), म्हणून तेच कष्ट घरी खुर्चीवरून उठबस, मांडी ताठ करण्याचे व्यायाम आणि आहारातील प्रथिने वाढवणे यांवर खर्च करावेत का? तिची मूत्रपिंडाची तपासणी व्यवस्थित आली आहे, त्यामुळे प्रथिनांना अडचण नसावी.